बंद दार आणि अनोळखी चावीवाला

जून लागला की शिवाजी पार्कच्या आसपासच्या इमारतींत दारं आपटू लागतात. समुद्राकडून आलेला वारा बाल्कनीतून शिरतो, हॉल ओलांडून जिन्याकडे निघतो, आणि कचऱ्याचा डबा ठेवायला दोन पावलं बाहेर आलेल्या माणसाच्या पाठीमागे दार बंद होतं. किल्ली आत खुंटीवर, मोबाइल आत चार्जिंगला, पायांत घरातल्या सपाता. अशा वेळी दार लवकर उघडावं असं वाटतं आणि उघडणारा माणूस भला असावा असंही वाटतं. पहिल्या गोष्टीच्या घाईत दुसरी मागे पडते, आणि फसवणूक करणाऱ्यांचा सगळा धंदा त्या घाईवर चालतो.

हे होतं ते लॅचच्या रचनेमुळे. लॅचची जीभ एका बाजूने तिरकी कापलेली असते आणि तिच्या मागे स्प्रिंग असते. दार लोटलं की तिरकी बाजू चौकटीवरच्या पट्टीला घासत आत सरकते आणि दार टेकताच स्प्रिंग तिला पुन्हा बाहेर ढकलते. आतून खटका फिरवून दार उघडतं, बाहेरून मात्र किल्लीच लागते. गिरगाव-परळच्या चाळींतल्या कडी-कोयंड्याला हे जमत नाही. तिथे कुणी मुद्दाम कडी घालून कुलूप अडकवल्याशिवाय दार बाहेरून बंद राहत नाही, शिवाय दिवसभर ते उघडंच असतं आणि जास्तीची किल्ली शेजारच्या खोलीत असते.

दादरची गोष्ट वेगळी. १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ मध्ये स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दादर-माटुंग्याची आखणी केली. त्या आखणीतून हिंदू कॉलनी, पारसी कॉलनी उभ्या राहिल्या, आणि स्वतंत्र स्वयंपाकघर, स्वतंत्र संडास असलेला ब्लॉक मध्यमवर्गाच्या अंगवळणी पडला. दार लावून घेऊन राहायची सवय त्या ब्लॉकबरोबर आली. आता जुन्या इमारती पाडून टॉवर उठत आहेत. नायगावच्या बीडीडी चाळींतली १६० चौरस फुटांच्या खोलीत राहिलेली कुटुंबं पुनर्विकासात ५०० चौरस फुटांच्या घरात जाणार आहेत. आपोआप बंद होणारं दार त्यांतल्या अनेकांच्या वाट्याला पहिल्यांदाच येईल.

दार बंद झालं की माणूस शेजाऱ्याचा फोन मागून घेतो आणि ‘चोवीस तास चावीवाला दादर’ असं शोधतो. समोर नावांची रांग येते. जवळपास सगळ्यांना भरपूर तारे, सगळ्यांचा ‘दहा मिनिटांत पोहोचतो’ असा दावा, आणि पत्ता म्हणून नुसतं ‘दादर पश्चिम’. यांतल्या काही नोंदी खऱ्या, प्रामाणिक कारागिरांच्या असतात. पण खरी कुठली आणि खोटी कुठली हे त्या पडद्यावरून कळत नाही.

या खोट्या नोंदींचा सविस्तर माग अमेरिकेत काढला गेला. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने जानेवारी २०१६ मध्ये त्यावर मोठा वृत्तान्त छापला होता. फोन उचलणारं माणूस दूरच्या कॉल सेंटरमध्ये असतं आणि अगदी कमी दर सांगतं. मग नाव-बोर्ड नसलेल्या गाडीतून कुणीतरी येतं, कुलपाकडे नजर टाकून ‘हे उघडणार नाही, ड्रिल मारावं लागेल’ म्हणतं, आणि शेवटी शेकडो डॉलर मागतं. ज्या पत्त्यावर दुकान असल्याचं दाखवलेलं असतं, तिथे दुकानच नसतं. पुढे मार्च २०२५ मध्ये खुद्द गुगलने अशा नोंदी करणाऱ्यांवर खटला भरला. टेक्सासमधल्या एका कुलूपवाल्याने आपल्या नावाने कुणीतरी बनावट नोंद चालवत असल्याची तक्रार केली होती. तिथून शोध सुरू झाला आणि नकाशावरच्या सुमारे १०,००० खोट्या नोंदींपर्यंत पोहोचला.

हे दूरचं वाटत असेल तर ठाण्याची आठवण ठेवावी. २०१८ मध्ये त्या भागात बँक ऑफ इंडियाच्या शाखांच्या गुगल मॅप्सवरच्या नोंदींतले फोन नंबर भामट्यांनी बदलून ठेवले होते. लोक बँक समजून फोन करत आणि कार्डाची माहिती भामट्यांना देऊन बसत. बँकेने महाराष्ट्राच्या सायबर पोलिसांकडे तक्रार केली. नकाशावरच्या नोंदीत कुणालाही दुरुस्ती सुचवता येते, ही लोकांसाठी ठेवलेली सोय त्यांनी अशी वापरली. बँकेच्या नोंदीचं असं होत असेल, तर फुटपाथवर बसणाऱ्या चावीवाल्याच्या नोंदीची राखण कोण करणार?

म्हणून शोधातला पहिला नंबर लावण्याआधी इमारतीचा जिना उतरावा. वॉचमन, खालचा वाणी, इस्त्रीवाला, कोपऱ्यावरचं हार्डवेअरचं दुकान या चौघांना चावीवाला माहीत असतो, आणि ज्या माणसाचं नाव ते सांगतात त्याने याच गल्लीत यापूर्वी दारं उघडलेली असतात. वाईट काम केलं तरी त्याला त्याच गल्लीत पुन्हा यायचं असतं, ही त्याच्या प्रामाणिकपणाची सगळ्यांत मोठी हमी. फोनवरून अनोळखी माणूस बोलवायचाच झाला, तर एक साधा प्रश्न विचारावा: तुम्ही बसता कुठे? खरा दादरचा माणूस लगेच खूण सांगतो. प्लाझाच्या अंगाला, कबुतरखान्याजवळ, टीटीच्या पलीकडे, अमुक मेडिकलच्या बाहेर. कॉल सेंटरवाला ‘सर, लोकेशन पाठवा, आमचा टेक्निशियन जवळच आहे’ एवढंच म्हणत राहतो. टिळक पुलाच्या या बाजूला की त्या बाजूला, हेही त्याला सांगता येत नाही.

आणि एक गोष्ट कधीही करू नये: माणूस दारात येण्याआधी पैसे पाठवणं. ‘बुकिंगसाठी थोडी रक्कम टाका’, ‘हा कोड स्कॅन करा’, ‘हे अ‍ॅप डाउनलोड करा म्हणजे माणूस कुठे आहे ते दिसेल’ यांपैकी काहीही ऐकू आलं तर फोन ठेवावा. पैसे गेलेच असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनला तत्काळ फोन करावा. तिथे वेळ महत्त्वाची असते. रक्कम पुढच्या खात्यांत वळण्याआधी ती अडवण्याची शक्यता सुरुवातीलाच जास्त असते.

आता खरा चावीवाला दारात आला असं धरू. तो चांगला आहे की नाही, हे पुढच्या काही मिनिटांत त्याच्या हातांवरून आणि तोंडावरून कळतं. पण ते कळायला कुलपाची थोडी ओळख हवी, आणि कुलपाची गोष्ट सांगायला दादरहून लालबाग फार लांब नाही.

अर्देशर गोदरेज हा मूळचा वकील. झांझिबारला एका खटल्यात अशिलासाठी खोटं बोलणं नको म्हणून त्याने वकिली सोडली. परत आल्यावर शस्त्रक्रियेची उपकरणं बनवायचा प्रयत्न केला, तो फसला. मग मुंबईतल्या वाढत्या घरफोड्यांची बातमी त्याच्या वाचनात आली. मेरवानजी कामा यांच्याकडून कर्ज घेऊन १८९७ मध्ये त्याने लालबागला, गॅस कंपनीशेजारच्या छोट्या शेडमध्ये कुलपं करायला सुरुवात केली. आज ज्या नावाचं लॅच दादरमधल्या असंख्य दारांवर आहे, त्या कारखान्याचा आरंभ भारतमाता सिनेमाच्या परिसरातला. पुढे त्याने स्प्रिंग नसलेल्या कुलपाचं पेटंट घेतलं, कारण स्प्रिंग झिजते, गंजते आणि ऐन वेळी दगा देते. त्याचं ‘गॉर्डियन’ नावाचं कुलूप तर आजच्या विषयासाठी मुद्दाम सांगावं असं आहे. त्याला दोन किल्ल्या होत्या. पहिली रोजची. दुसरी किल्ली वापरली की आतली मांडणी बदलायची आणि पहिली किल्ली निकामी व्हायची. रोजची किल्ली हरवली किंवा कुणी तिची नक्कल केली, तरी अख्खं कुलूप फेकायची गरज नव्हती.

न उघडणारं कुलूप मात्र कुणीच केलेलं नाही. १८५१ च्या लंडनच्या भव्य प्रदर्शनाच्या काळात आल्फ्रेड हॉब्ज या अमेरिकन कुलूपकाराने इंग्रजांच्या अभिमानाची दोन कुलपं उघडून दाखवली. चबचं १८१८ चं ‘डिटेक्टर’ कुलूप त्याने सुमारे २५ मिनिटांत उघडलं. ब्रामाच्या कुलपावर २०० गिनींचं बक्षीस होतं आणि ते दशकानुदशकं दुकानाच्या काचेत आव्हान देत बसलं होतं. ते उघडायला त्याला १६ दिवसांत विभागलेले ५१ तास लागले. त्यानंतर दहा वर्षांनी लायनस येल धाकट्याने पिनांच्या कुलपाचं पेटंट घेतलं, आणि ब्लॉकच्या दारावरच्या लॅचचा गोल सिलिंडर मुख्यतः त्याच तत्त्वावर चालतो. सिलिंडरमध्ये छोट्या पिना रांगेने उभ्या असतात. प्रत्येक पिन दोन तुकड्यांची. योग्य किल्ली घातली की सगळ्या पिनांचे सांधे एका रेषेत येतात आणि सिलिंडर फिरतो. एक जरी पिन रेषेच्या वर-खाली राहिली तरी फिरत नाही.

यावरून दारात उभ्या असलेल्या कारागिराची पारख करता येते. दार नुसतं आपटून बंद झालं असेल, किल्ली फिरवून लॅच पक्कं केलेलं नसेल, तर जीभ अजून मागे सरकायला मोकळी असते. अशा दाराच्या फटीतून चिवट प्लॅस्टिकची पट्टी किंवा जुन्या एक्स-रेची फिल्म सरकवून तिरक्या बाजूला दाबलं की जीभ आत जाऊ शकते. फट घट्ट असेल किंवा चौकटीला पट्टी मारलेली असेल तर हे जमत नाही, पण हा प्रयत्न आधी करायचा असतो. यात काही तुटत नाही, काही विकत घ्यावं लागत नाही. सराईत माणूस पिशवीतून पहिल्यांदा पट्टीच काढतो. पहिल्यांदा ड्रिल काढणाऱ्याला तिथेच थांबवावं.

लॅच किल्लीने पक्कं केलेलं असेल तर काम अवघड होतं, आणि इथेच फुटपाथवरच्या कारागिराची खरी विद्या दिसते. तो एक कोरी चावी निवडतो आणि तिची कड कानशीने घासून आरशासारखी करतो. ती कुलपात घालून किंचित पीळ देतो, वर-खाली हलकेच डोलवतो, आणि बाहेर काढून टॉर्चच्या उजेडात तिरकी धरतो. ज्या पिना अडलेल्या असतात त्यांचे सुईच्या टोकाएवढे ठिपके त्या चकचकीत कडेवर उमटतात. तेवढ्याच जागी कानशीचे दोन-तीन हात मारायचे, पुन्हा आत, पुन्हा पीळ, पुन्हा उजेडात. एखादी पिन आपल्या उंचीवर आली की तिचा ठिपका उमटायचा थांबतो. तिथे आणखी एक हात जास्त पडला तर चावी वाया आणि सगळं पहिल्यापासून. जमलं की कुलूप उघडतं, शिवाय नवी किल्ली हातात येते आणि कुलपाला ओरखडाही नसतो. हे काम डोळ्यांचं आणि मनगटाचं आहे. त्याची मजुरी कुणी आनंदाने द्यावी अशीच आहे, आणि ‘दहा मिनिटं तर लागली’ म्हणून त्यात घासाघीस करणं बरं नव्हे. दहा मिनिटांत ते जमावं म्हणून त्याची वर्षं गेलेली असतात.

काही कुलपांवर ही विद्या सहजी चालत नाही. ज्यांच्या किल्लीला दात नसतात, चपट्या अंगावर गोल खळगे असतात, त्या कुलपांची रचना मुद्दाम अवघड केलेली असते. तिथे ड्रिलची गरज खरोखर पडू शकते. पण ड्रिल मारायचं ते सिलिंडरला, आणि बदलायचा तोही बहुतेक वेळा फक्त सिलिंडर. लॅचची पेटी, जीभ, हँडल तेच राहतं. ‘आता अख्खं लॉक बदलावं लागेल, माझ्याकडे गाडीत आहे’ हे वाक्य ऐकलं की कारण विचारावं आणि उघडलेला भाग हातात घेऊन बघावा. रात्री त्याच्याकडचंच नवीन कुलूप घ्यायची सक्तीही नाही. घर एकदा उघडलं की आतून कडी घालून झोपता येतं आणि सकाळी हार्डवेअरच्या दुकानातून, बिल घेऊन, सिलिंडर आणता येतो.

टॉवरमधल्या डिजिटल कुलपांचं वेगळं आहे. ती बहुधा बॅटरी संपल्याने बंद पडतात. अनेक मॉडेलच्या बाहेरच्या अंगाला, खालच्या कडेला ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी टेकवायचे दोन बिंदू किंवा चार्जरची खाच असते. बॅटरी तिथे धरून नेहमीचा आकडा दाबला की दार उघडतं. बऱ्याच मॉडेलना झाकणाखाली साधी किल्लीही असते, जी लोक पेटीसकट कपाटात ठेवून देतात. चावीवाल्याला बोलवण्याआधी कुलपाच्या कंपनीला फोन करावा आणि जवळच्या दुकानातून ती बॅटरी आणावी.

चांगल्या चावीवाल्याची सगळ्यांत खात्रीची खूण म्हणजे तो आधी तुम्हालाच प्रश्न विचारतो. घर तुमचं कशावरून? वॉचमन ओळखतो का? आत कोण आहे? रात्री साडेअकराला घामेजलेल्या, वैतागलेल्या माणसाला हे प्रश्न अपमानासारखे वाटतात. पण ते विचारायला त्याच्याकडे पक्कं कारण आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम १२२ नुसार, सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात घरफोडीची हत्यारं समाधानकारक कारणाशिवाय जवळ बाळगणं हा गुन्हा आहे. चावीवाल्याच्या पिशवीत नेमकी तीच हत्यारं असतात. रात्री तो बाहेर पडतो तेव्हा त्याचा बचाव एकच: अमुक इमारतीतल्या अमुक माणसाने बोलावलं, आणि ते घर त्या माणसाचंच होतं. म्हणून जो काहीही न विचारता कुलपाला हात घालतो, त्याची काळजी वाटायला हवी. तो उद्या दुसऱ्या कुणाच्या सांगण्यावरून तुमचंही दार असंच उघडेल. भाडेकरू बाहेर असताना घरमालक, भांडणातला भाऊ, वेगळी राहणारी व्यक्ती असे कितीतरी लोक दुसऱ्याचं दार उघडून मागू शकतात.

कागदपत्रं आत असतात, हे खरं. तरी मार्ग असतात. डिजिलॉकरमधलं आधार शेजाऱ्याच्या फोनवर उघडता येतं, मात्र त्यासाठी आपला नोंदवलेला मोबाइल जवळ लागतो. तो आतच राहिला असेल तर सोसायटीचा सेक्रेटरी, शेजारी, पाटीवरचं नाव आणि वॉचमनची साक्ष पुरते. दार उघडताना यांतलं कुणीतरी शेजारी उभं असणं दोघांच्याही भल्याचं. चावीवाल्याचा फोन नंबर आणि नाव वॉचमनच्या वहीत लिहून घ्यावं. नेहमी याच भागात काम करणारा माणूस त्याला कधी नाही म्हणत नाही.

दरवाजासारखीच कपाटाच्या किल्लीतही फसवणूक होते, आणि तिची पद्धत मुंबईपासून पुण्या-नाशिकपर्यंत पोलिसांच्या दप्तरी वारंवार आलेली आहे. ‘चावी बनवून देतो’ म्हणत दोघेजण दारावर येतात. गोदरेजच्या कपाटाची किल्ली हरवलेली असते किंवा अडकत असते. एक जण कपाटापाशी बसतो. थोड्या वेळाने घरातल्या बाईंना ‘ताई, ही चावी गॅसवर जरा गरम करून आणा’ किंवा ‘थोडं खोबरेल तेल द्या’ असं सांगितलं जातं. त्या स्वयंपाकघरात गेल्या की लॉकर उघडून दागिने पिशवीत जातात आणि कपाट पुन्हा बंद होतं. ‘किल्ली आत अडकली आहे, जोर लावू नका, उद्या मशीन घेऊन येतो’ असं सांगून दोघे निघून जातात. घरचे लोक दुसऱ्या दिवसापर्यंत वाट बघत बसतात, आणि चोरी कळते तेव्हा माणसं कुठल्या कुठे गेलेली असतात.

यावरचा उपाय सोपा आणि कडक आहे. कपाटाचं काम दारावर आलेल्या माणसाला द्यायचं नाही, बोलावलेल्यालाच द्यायचं. घरात दोन माणसं असतील तेव्हाच, आणि एक जण खोली सोडणार नाही. किल्ली गरम करायला, तेल आणायला, पाणी आणायला कपाटाजवळच्या माणसाने उठायचं नाही. काम झाल्यावर कपाट त्याच्या देखत उघडून बघायचं, आणि ‘उद्या येतो’ म्हणाला तर ‘आज उघडून दाखव, मग जा’ म्हणायचं.

या घटनांमुळे सगळ्या चावीवाल्यांकडे चोर म्हणून बघितलं जातं, हे मात्र अन्यायाचं आहे. महाराष्ट्रात चावी-कुलपाचं काम करणाऱ्यांत शिकलगार समाजातली बरीच माणसं आहेत. हत्यारांना धार आणि झिलई देणं हा त्यांचा पिढीजात व्यवसाय होता. हत्यारांचं काम गेलं, तेव्हा लोखंडाची जाण आणि कानशीवरचा हात घेऊन ती माणसं चाव्या, विळ्या, घरगुती भांडी यांकडे वळली. नाव किंवा पेहराव बघून संशय घेण्याने चोर सापडत नाही, फक्त प्रामाणिक कारागिराचं मन दुखावतं. पारख माणसाच्या कामाची आणि त्याच्या प्रश्नांची करावी.

एक मोठी उणीव सरकारी बाजूला आहे. टेक्सास, कॅलिफोर्नियासारख्या अमेरिकी राज्यांत कुलूपवाल्याला परवाना लागतो. आपल्याकडे चावी बनवण्याच्या कौशल्याचा किंवा चारित्र्याचा वेगळा परवाना नाही. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यात रस्त्यावर सेवा देणाऱ्यांचाही समावेश होतो, त्यामुळे चावीवाल्याला फेरीवाला प्रमाणपत्र मिळू शकतं. पण ते जागेचं प्रमाणपत्र आहे, हातातल्या कामाचं नाही. जागेचीही शाश्वती नाहीच. सप्टेंबर २०१७ मध्ये एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरी झाली. त्यानंतर त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रेल्वे स्टेशनपासून १५० मीटरच्या आत फेरीवाल्यांना मनाई केली. गर्दीच्या दृष्टीने त्याला कारण होतं. तरी ज्याची जागा पुन्हा पुन्हा हलते, त्याची ओळखही पुसत जाते, आणि गिऱ्हाईक मग फोनवरच्या अनोळखी नंबराकडे वळतं. वर्षानुवर्षं एका ठिकाणी बसलेला चावीवाला ही परिसराच्या सुरक्षिततेची गोष्ट आहे, हे महापालिकेने फेरीवाला क्षेत्रं आखताना ध्यानात घ्यायला हवं.

दराचं बोलणं काम सुरू होण्याआधी व्हावं, आणि ते तुकड्या-तुकड्यांनी व्हावं. येण्याचे किती? न तोडता उघडलं तर किती? ड्रिल मारावं लागलं तर किती, आणि त्यात नवा सिलिंडर धरला आहे का? रात्रीचा दर वेगळा का? उघडलंच नाही तर किती? कुलपाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला तर जाणकार माणूस बराचसा अंदाज फोनवरच देतो. ‘आल्यावर बघू’ हे उत्तर कधी कधी खरं असतं, कारण कुलूप बघितल्याशिवाय नक्की सांगता येत नाही. पण मग किमान आणि कमाल आकडा तरी सांगता यायला हवा. पैसे काम झाल्यावर, शक्यतो यूपीआयने द्यावेत म्हणजे नोंद राहते. ठरलेल्यापेक्षा भलतीच रक्कम मागून दमदाटी झाली तर ११२ ला फोन करावा. बिल देणाऱ्या दुकानाशी किंवा कंपनीशी वाद झाला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.

काही वेळा चावीवाल्याची वाट बघायचीच नसते. आत लहान मूल एकटं आहे, गॅसवर दूध आहे, म्हातारं माणूस पडलं आहे आणि ओ देत नाही, अशा वेळी आधी १०१. मुंबई अग्निशमन दलाची माणसं बंद दारामागे अडकलेल्यांना सोडवायला येतात, आणि दार तुटलं तर तुटू द्यावं. बाहेरच्या छज्ज्यावरून, पाइपाला धरून शेजारच्या खिडकीतून आपल्या बाल्कनीत उतरायचा प्रयत्न कुणी करू नये आणि कुणाला करू देऊ नये. पावसाळ्यात शेवाळलेल्या छज्ज्यावर पाय ठरत नाही.

दार उघडल्यावर सिलिंडर बदलावा का, हे कशामुळे अडकलात त्यावर ठरतं. किल्ली आतच होती तर बदलायचं कारण नाही. पर्स लोकलमध्ये मारली गेली आणि किल्लीसोबत पत्ता असलेलं कार्डही गेलं, तर त्याच दिवशी बदलावा. गॉर्डियनची दुसरी किल्ली आज कुणाकडे नाही, पण नवा सिलिंडर तेच काम करतो. कारागिराने घासून बनवलेली नमुन्याची चावी, फसलेल्या चाव्यांसकट, मागून घ्यावी. किल्लीचा फोटो मात्र कुणालाही पाठवू नये, अगदी ‘नव्या घराची किल्ली मिळाली’ म्हणून स्टेटसलाही ठेवू नये. २००८ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगोमधल्या संशोधकांनी कॅफेच्या टेबलावर पडलेल्या किल्लीचा १९५ फुटांवरच्या गच्चीवरून फोटो काढला आणि त्यावरून तिच्या खाचांची मापं काढून दाखवली होती.

सोसायटीच्या नोटीस बोर्डावर प्लंबर आणि इलेक्ट्रिशियनचे नंबर असतात, चावीवाल्याचा क्वचितच असतो. तो दिवसाढवळ्या शोधावा. कमिटीतल्या कुणीतरी दोन-तीन कारागिरांकडे जाऊन एखादी साधी चावी बनवून घ्यावी, काम बघावं, रात्री येतात का विचारावं, दर लिहून घ्यावा आणि ते सगळं नावानिशी बोर्डावर लावावं. एवढं झालं तरी जास्तीची किल्ली बाहेर कुठेतरी असणं उत्तम. पायपुसण्याखाली, मीटरच्या खोक्यात किंवा कुंडीत नव्हे, दहा मिनिटांच्या अंतरावरच्या घरी, रात्री दार उघडतील अशा माणसांकडे. फक्त दादरमध्ये एक पथ्य जास्तीचं पाळावं लागतं. गणपतीला अर्धी इमारत कोकणात गेलेली असते आणि किल्ली ठेवलेलं घरही त्यातच असतं. तेव्हा त्यांची गाडी सुटण्याआधी ती किल्ली मागून घेऊन मुंबईत राहणाऱ्या कुणाकडे तरी द्यावी, आणि त्यांची किल्ली आपल्याकडे असेल तर आपण कुठे असणार हे त्यांना सांगून ठेवावं.